पोथीची सुटी पाने

चिंचवड,
रविवार, ता. २७ ऑक्टोबर १९५७

चि. चिंतामणीस, आणि त्याला हे पत्र वाचून दाखवणाऱ्या चि. सौ. दुर्गाबाईस, मोरेश्वरचे आशीर्वाद. एकाच पाकिटात घातले आहेत, दोघांनी वाटून घ्यावेत.

चिंचवड आणि दापोडी यांच्यात दोन स्टेशने. तेवढ्यासाठी पत्र! हे आधी पुण्याला जाणार, तिथे पाठीवर शिक्का खाणार आणि मग उलटे तुमच्याकडे येणार. मी लोकलमध्ये बसलो तर घटकाभरात तुमच्या दारात. पण सख्ख्या धाकट्या भावाच्या दारात मी शेवटचा कधी आलो हे आठवायला जुनी पंचांगे काढावी लागतील. म्हणून पत्रच बरे. पत्राला चहा विचारावा लागत नाही.

दुर्गाबाई, तुमचे कार्ड पोचले. तुमची लेक शालन दुसरीत दुसऱ्यांदा बसली आहे, तोंडी सगळे येते, पुस्तक समोर धरले की मुकी होते, हेडमास्तर म्हणतात घरकाम शिकवा, आणि चिंतूही तिला नाताळापर्यंत शाळेतून काढायचे म्हणतो. आमच्या गावात अशा मुलांची खाजगी शाळा निघाली आहे, ती बघून कळवा, असे तुम्ही लिहिलेत. 'ह्यांना न विचारता लिहिते' असेही लिहिलेत. मी मात्र दोघांना लिहितो आहे. आपल्या घरात गुपचूप कारभार पुष्कळ झाले. रागावू नका. चिंतूचे डोळे वर्कशॉपातल्या ठिणग्यांनी दुखतात म्हणून पत्रे तुम्ही वाचता, ही तुमच्या घरची रीत मला ठाऊक आहे आणि तिच्याबद्दल मी कधी काही विचारलेले नाही. मी ज्यांच्याबद्दल काही विचारले नाही अशा गोष्टी जगात थोड्याच आहेत.

आता शाळा. गावाने तिचे बारसे करून टाकले आहे: ठोंब्यांची शाळा. तेलाच्या घाण्यामागे दोन खोल्या आणि अंगण. दारावर पाटी नाही, कारण आईबापांनाच ती नको आहे. मुलांना मागच्या दाराने आणतात. गावात प्रत्येकाचे मत तयार आहे आणि आत कुणी गेलेले नाही. म्हणजे सगळे शब्दप्रमाण, आणि तेही ज्यांचा शब्द मी वांग्यांच्या भावातसुद्धा खरा धरत नाही अशांचा. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. मी शिकवतो त्या हायस्कुलाला अजून दिवाळीची सुटी आहे. यांची शाळा मात्र परवा भाऊबीज होताच काल सुरू. काल सकाळी गेलो.

आधी खिडकीतून पाहिले. डोकावलो, असे मी म्हणणार नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "आवो शास्त्रीबुवा, खिडकीतनं काय बगताय चोरावानी? दार हाय की!"

ही छबूबाई. मुले सांभाळते, पाणी भरते, आणि शाळेत खरा वचक तिचाच. तिने मला दंडाला धरले नाही एवढेच.

अंगणात चुन्याने एक 'क' काढला होता, बैलगाडी मावेल एवढा. त्याच्या रेघेवरून मुले चालत होती आणि चालताना मोठ्याने 'क' म्हणत होती. शेजारी एक 'ळ' होता. मी कुतूहलाने पाहतो आहे हे बघून छबूबाईने मला त्यावर सोडले. "पाय उचलू नगा, रेघंवरनंच फिरा. आन् तोंडानं म्हना! मुकाट चालायला ही काय परदक्शिना हाय व्हय?"

चाललो. धोतर सावरत, 'ळ, ळ' करत. मुलांना फार आनंद झाला. चिंतू, सत्तेचाळीस वर्षांत मी हजारो 'ळ' लिहिले असतील. तो माणसाला दोनदा गरगर फिरवतो हे मला काल कळले.

आत गेलो तर ताटांत वाळू पसरलेली, त्यात बोटाने अक्षरे गिरवणे चालले होते. पुठ्ठ्यावर पॉलिश कागदाची खरखरीत अक्षरे चिकटवलेली. मुले डोळे मिटून त्यांवरून हात फिरवतात. एक मुलगी दुसरीच्या पाठीवर बोटाने 'म' काढत होती आणि ती दुसरी गुदगुल्यांनी हसत 'भ, भ' म्हणत होती. हे सगळे चालवणाऱ्या सुमनताई तिशीच्या आहेत. मुंबईला अशाच एका शाळेत शिकवत असत. यजमान पिंपरीला पेनिसिलीनच्या कारखान्यात लागले म्हणून इकडे आल्या. ही विद्या विलायती पुस्तकांतली, असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो, "बाई, ही तर आमची धुळाक्षरे. आजोबांनी मला अशीच शिकवली."

"मग तुम्ही लोकांनी सोडली का?" त्यांनी विचारले. खोचून नव्हे, त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते.

त्यांचे म्हणणे असे. अकरा मुले आहेत. चार सगळ्याच गोष्टींत सावकाश, त्यांचा अभ्यास वेगळा. उरलेली सात बुद्धीने कुणाला हार जाणार नाहीत. फक्त अक्षर त्यांच्यापुढे उभे राहत नाही. रहाटणीचे रंगराव मुलाला, ज्योतीरामला, सोडायला आले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, पोरगं बैलाच्या दातावरनं वय सांगतं. पर 'ब' आन् 'व' त्येला येकच दिसत्यात. शाळंत म्हनले, डोकंच न्हाई. डोकं न्हाई, तर ह्ये बैलाचं कुटनं आलं?" असा बिनतोड तर्क मी काशीच्या पंडितांकडूनही ऐकलेला नाही.

शालनची लक्षणे सांगितली. बाई म्हणाल्या, घेऊन या. बारांवर मुले त्या घेत नाहीत. एक जागा आहे, ती डिसेंबरच्या दोन तारखेपर्यंत धरून ठेवतील.

एकच अडचण. शाळा दहा ते चार. चिंतूची पाळी सातला सुरू होते, आणि नऊ वर्षांची पोर एकटी लोकलने रोज येणार नाही. म्हणजे सोमवार ते शनिवार तिला इथे राहावे लागेल. म्हणजे आमच्याकडे. म्हणजे माझ्याकडे. हे वाक्य तीन प्रकारे लिहून पाहिले, सोपे होत नाही.

उत्तर चिंतूने द्यावे, दुर्गाबाईंनी लिहावे.

दोन्ही पाय चुन्याने माखलेला,
मोरेश्वर


चिंचवड,
रविवार, ता. १० नोव्हेंबर १९५७

चि. चिंतामण आणि चि. सौ. दुर्गाबाई यांस आशीर्वाद, यावेळी थोडे जास्त, कारण उत्तर फार थोडे आले.

दुर्गाबाई लिहितात: 'वाचून दाखवले. शेवटपर्यंत ऐकले. "हं" म्हणाले आणि सायकल पुसायला गेले.' या 'हं'वर मी आठ दिवस भाष्य करतो आहे. होकार म्हणावा तर सायकल आडवी येते. नकार म्हणावा तर शेवटपर्यंत ऐकले कशाला? आमच्या हिचे म्हणणे, 'हं म्हणजे हं. तुम्हीसुद्धा तेच म्हणता आणि अंघोळीला जाता.' तिने शालनसाठी माजघरातली कोनाड्याजवळची जागा लोटून-सारवून ठेवली आहे. मी म्हणालो, अजून ठरले नाही. ती म्हणाली, सारवलेली जागा कुठे पळत नाही.

रशियनांनी म्हणे कुत्री बसवून एक गोळा आभाळात सोडला. सगळे गाव संध्याकाळी वर बघत असते. मी मात्र घाण्यामागच्या दोन खोल्यांकडे बघतो आहे. मला तिथे जास्त नवल दिसते.

झाले असे की सुमनताईंनी मला विचारले, "पूर्वी पाठशाळेत पुस्तकावाचून शिकवत, ते कसं? मला दाखवाल?" मी म्हणालो, संथा. गुरुजी एक चरण एकदा म्हणतात, शिष्य दोनदा म्हणतो. मग अर्धा श्लोक, मग पुरा. डोळ्याला काही काम नाही, सगळे कानाचे. "बुधवारी या," त्या म्हणाल्या. छबूबाई म्हणाली, "आन् ते उपरनं नीट घेऊन या. पोरं भितील."

बुधवारी मुलांना ओळीने बसवून गणपतीचे एक लहानसे स्तोत्र सांगायला घेतले. चार श्लोक. माझ्या हायस्कुलातल्या नववीला त्याला आठवडा लागला असता. तिसऱ्या श्लोकापर्यंत सगळी धडपडत होती. ज्योतीराम मात्र चुपचाप. मला वाटले, याला जमत नाही. मग त्याला उभे केले. त्याने पहिल्यापासून चारही श्लोक म्हटले, एक मात्रा इकडे-तिकडे नाही. दुसऱ्या श्लोकात मी खोकलो होतो, तो खोकलाही त्याने जागच्या जागी परत दिला.

मुले हसली. बाई हसल्या. मी हसलो नाही, असे बाईंच्या लक्षात आले. त्या फार बघतात.

"काय झालं?"

"काही नाही. असा एक मुलगा मी पाहिला होता. एकदा ऐकलं की झालं."

"आणि वाचायला?"

"वाचायला येत नव्हतं."

"कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"तीन वर्षं नाही आलं. पोथी समोर असायची, बोट ओळीवरून फिरायचं, आणि पान कोणत्या शब्दाला उलटायचं तेही त्याने कानाने लक्षात ठेवलं होतं. वडील उलटत तेव्हा कागद वाजतो ना, त्यावरून."

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "म्हणजे दुप्पट काम करत होता तो. केवढी अक्कल! पुढे काय झालं त्याचं?"

"फिटर झाला."

"चांगला?"

"एंजिनाला कान लावून कोणता नट ढिला आहे ते सांगतो. साहेब लोक बोलावून नेतात."

"मग त्याला आणा ना इथे! या मुलांना दाखवायला हवा असा माणूस. आणि त्याला वाचता येत नाही हे शेवटी कळलं कसं?"

"कळलं एकदा," मी म्हणालो, आणि छत्री शोधू लागलो. नोव्हेंबरात. छबूबाई म्हणाली, "शास्त्रीबुवा, तुमी छत्री आनलीच न्हवती." खरे होते.

चिंतू, ही जागा दोन तारखेपर्यंत आहे. सायकल आता पुरेशी स्वच्छ झाली असेल.

लिहायचे ते सोडून बाकी सगळे लिहिलेला,
मोरेश्वर


चिंचवड,
रविवार, ता. २४ नोव्हेंबर १९५७

चि. सौ. दुर्गाबाई, हे पत्र शालन घरात नसताना वाचावे. तिला शेजारी खेळायला पाठवा आणि मग चिंतूला समोर बसवून सगळे वाचा. काही गाळू नका. मी वाईट दिसू नये म्हणून तर एक शब्दही गाळू नका.

तुमचे कार्ड आले. चिंतूचा निरोप जसाच्या तसा लिहिलात: 'दादाला म्हणावं, पाहुण्यांसमोर एकदा माझी परीक्षा झाली तेवढी पुरे. माझी पोर तिकडे यायची नाही.' आणि खाली बारीक अक्षरात तुम्ही विचारले आहे, ही परीक्षा कसली? लग्नाला पंधरा वर्षे झाली, हे कधी बोलले नाहीत.

तो बोलला नाही, कारण तो तसा आहे. मी बोललो नाही, कारण मी तसा आहे. दोन्ही 'तसे' सारखे नव्हेत.

आमचे अप्पा पुराणिक. देवळात पोथी वाचायची आणि अर्थ सांगायचा, यावर घर चाले. आम्हा दोघांना ते संथा देत. चिंतू माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मला जे महिन्याने येई ते त्याला तीन दिवसांत. मी सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, आणि तो बारा वर्षांचा पोर माझी चूक मध्येच काढी. तीही मला वाईट वाटू नये म्हणून हळू आवाजात. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले की आपल्यामागे देवळात चिंतूच बसेल. माझ्यासमोर सांगत. मी मान हलवत असे.

त्याला वाचता येत नाही हे मला फार आधी कळले होते. मांडीला मांडी लावून बसल्यावर कळतेच. बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात पाचवी. मी ते कुणाला सांगितले नाही. पण ते भावाच्या प्रेमापोटी, असे समजू नका. मी ते ठेवून दिले होते.

त्या श्रावणात पुण्याहून चार शास्त्री आले. अप्पांना मुलगा दाखवायचा होता. पोथी म्हणजे सुटी लांब पाने, वरखाली दोन फळ्या, लाल फडक्यात बांधलेली. शालन आली तर दाखवीन. पोथी आणून ठेवायचे काम माझे. मी आत जाऊन फडके सोडले, पाने पुढची मागे केली आणि त्यांतले एक उलटे ठेवले. डोके खाली, पाय वर. मग फडके पुन्हा बांधले. बाहेर आणून चिंतूसमोर ठेवले आणि फडके मीच सोडून दिले.

तो म्हणत गेला. इतके सुंदर म्हणत होता की मधले काही क्षण मलाच वाटले, कुणाच्या लक्षात येऊ नये. त्याने नेमक्या शब्दाला पान उलटले, नेमक्या शब्दाला पुढचे घेतले. ते उलटे होते. उलट्या पानावरून बोट फिरवत त्याने अर्धा अध्याय म्हटला. शेवटी एक शास्त्री हसून म्हणाले, "बाळ, पान सरळ धर." त्याने ते आडवे धरले. मग सगळेच हसले. मग त्यांनी दुसरी, न ऐकलेली पोथी पुढे केली, आणि तो गप्प राहिला.

अप्पा हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर ते एवढेच म्हणाले, "तीन वर्षं मला फसवलंस." नंतर त्याच्या हाती पोथी दिली नाही. चार दिवसांनी मामा त्याला खडकीला घेऊन गेला. पाने कुणी हलवली हे अप्पांनी विचारले नाही. पोथी कधी तरी विस्कटतेच. मी सांगितले नाही. त्या दिवशी नाही, अप्पा गेले तेव्हाही नाही.

परवा मी सुमनताईंना हे सगळे सांगितले, यावेळी छत्री न शोधता. त्या म्हणाल्या, "तो फसवत नव्हता हो. एकटाच वाट काढत होता." आणि मग, "शास्त्रीबुवा, हे मला सांगून काय उपयोग?"

चिंतू, आता तुझ्याशी.

तुला वाचता येत नाही हे शालनला ठाऊक नाही. तिला वाटते बाबांचे डोळे दुखतात. ती इथे आली की अक्षर पुढे उभे न राहणे म्हणजे काय ते शिकेल, आणि घरी येऊन तुझ्याकडे बघेल. तुझ्या 'नाही'मागे हे आहे, असा माझा तर्क. चुकत असेन तर सोडून दे. मी एकदा तुझे झाकलेले चारचौघांत उघडे केले. पुन्हा करणार नाही. ती माझ्या घरी वर्षभर राहिली तरी माझ्या तोंडून तिला कळणार नाही. सांगायचे की नाही, ते तू ठरव.

पण ती पोर आत्ता असे धरून चालली आहे की सगळ्या जगात हे आपल्या एकटीलाच येत नाही. तूही तेव्हा तसेच धरले असशील. तुझ्याजवळ कुणी नव्हते. तिच्याजवळ तू आहेस.

माझा राग माझ्यावरच ठेव, तिच्यावर पडू देऊ नकोस. माझ्या घरी तिला ठेवणे नको असेल तर मला कळेल. छबूबाई तिला आपल्याकडे ठेवायला तयार आहे, मी विचारून ठेवले आहे. 'माजं घर शेनाचं हाय, पर पोरीला कुनी हसनार न्हाई,' असे ती म्हणाली.

आज आशीर्वाद लिहिण्याची हिंमत नाही.

पान उलटे ठेवणारा,
मोरेश्वर


चिंचवड,
सोमवार, ता. २ डिसेंबर १९५७, संध्याकाळी

चि. सौ. दुर्गाबाई, हे तुमच्या एकटीसाठी. चिंतूला ऐकवलेत तरी हरकत नाही, पण तो स्वतः तिथे होता आणि घरी येऊन दोन वाक्यांपलीकडे सांगणार नाही, म्हणून लिहितो.

मी नऊ वाजल्यापासून शाळेच्या अंगणात होतो. छबूबाई म्हणाली, "बसा की, जिमिन काय तापली न्हाई." बसलो नाही. पावणेदहाला पुढच्या दाराने दोघे आले. पुढच्या दाराने येणारी ही पहिलीच. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. माझ्याकडे पाहिले, मान हलवली, आणि सरळ बाईंकडे गेला.

बाईंनी प्रवेशाचा कागद त्याच्या पुढे केला. "वाचून सही करा."

त्याने कागद हातात घेतला. शालन शेजारी उभी. मी दोन पावले पुढे झालो; 'द्या, मी वाचतो, त्याचे डोळे' एवढे माझ्या तोंडात आले होते. त्याने माझ्याकडे न बघता हात वर केला. थांब, असा.

"बाई, मला वाचायला येत नाही," तो म्हणाला. "सही येते. तुम्ही वाचा, मी ऐकतो."

अंगणात मुले होती, रंगराव होते, छबूबाई होती. कुणी हसले नाही. शालनने वर पाहिले.

"बाबा, तुम्हालापण?"

"मलापण."

"मग डोळे?"

"डोळे ठणठणीत आहेत."

मला वाटले, ती रडेल. पण तिचा चेहरा, दुर्गाबाई, नवे खेळणे उघडून बघणाऱ्या पोरासारखा झाला. "मग खडकीहून येताना दापोडी आली हे कसं कळतं?"

"पुलाचा आवाज थांबला की."

"पाटीवर लिहिलेलं असतं ना?"

"असेल. मी कधी बघितली नाही."

"आणि कोणतं हत्यार कुठल्या खणात, ते?"

"हात लावला की कळतं. प्रत्येकाचं वजन वेगळं."

"आणि साहेब चिठ्ठी देतो तेव्हा?"

"तेव्हा म्हणतो, हात तेलाचे आहेत साहेब, तुम्हीच वाचा."

ती खदखदून हसली. तो पण. ती विचारत गेली, तो सांगत गेला. बाई कागद हातात धरून उभ्याच. मला वाटते, त्याने हे सगळे कसे निभावले ते त्याला आजवर कुणी विचारलेच नव्हते. मीही नाही. आणि मी स्वतःला चौकस समजतो.

मग बाईंनी कागद वाचला, त्याने ऐकून सही केली. राहण्याच्या जागेपुढे काय लिहू, असे त्यांनी विचारले. मी छबूबाईकडे बघितले. तो म्हणाला, "लिहा, काकाच्या घरी."

निघताना मी त्याच्याबरोबर स्टेशनापर्यंत चाललो. तोच आधी बोलला.

"दादा, तुझं पत्र फार लांब होतं. दुर्गाचा घसा बसला."

"चिंतू, मी—"

"पानं तू हलवलीस ते मला तेव्हाच कळलं होतं. फडकं सोडताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस. रोज बघायचास."

मी उभा राहिलो. "मग बोलला का नाहीस? अप्पांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी तुलाही उठवलं असतं. मग पोथी कोण वाचणार होतं?" थोडे चालून तो म्हणाला, "आणि तू लेका पुराणिकी सोडून हायस्कुलात मास्तर झालास. माझं गप्प बसणं फुकटच घालवलंस की रे."

दुर्गाबाई, तो हसत म्हणाला. बारा वर्षांचा पोर, पाहुणे हसत असताना, माझ्या पोटाचा विचार करत होता. गाडी आली तेव्हा मी काही तरी म्हणायला तोंड उघडले. तो म्हणाला, "राहू दे. माफ करणं वगैरे मला सांगता येत नाही. शनिवारी तिला न्यायला येतो. सगळ्यांचं जेवण कर म्हणावं वहिनीला." आणि चढला.

शालन ठीक आहे. दोन पोळ्या खाल्ल्या. ही तिची वेणी घालत असताना तिने मला विचारले, "काका, आमच्या शाळेत प्रत्येकाला एकेक गोष्ट येत नाही. तुम्हाला काय येत नाही?"

मी म्हणालो, "वेळेवर सांगायला."

तिने त्यावर नीट विचार केला. मग म्हणाली, "बाईंना विचारू आपण. त्या शिकवतात."

शनिवारी दुपारच्या गाडीला स्टेशनावर असेन. तुम्हीही या.

चिंतूचा दादा,
मोरेश्वर